मोडलं की माझं

आमच्या शेजारचे करीमचाचा कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी खुर्ची ठोकून बघतात. मग दार, मग पलंग. आवाज पसंत पडला की म्हणणार, "मोडलं की माझं, बरं का!" अहो, धडधाकट पलंग, त्यावर माणूस बसलेला!

माझ्या लग्नात आलेलं सागवानी कपाट त्यांनी मांडवातच बुक करून टाकलं. बायको अजून त्यांच्या चहात साखर घालायला विसरते, आणि मुद्दाम विसरते.

चाचांनी आपलं पंक्चरचं दुकान बंद केल्यापासून आमच्या हट्टा गावातलं सगळं मोडकं लाकूड त्यांच्या अंगणात येऊन पडतं. खाटेचे पाय, चौकटी, नांगराचे तुकडे. दिवसभर आमच्या भिंतीला लागून करवत आणि रंधा. डोकं उठतं नुसतं! त्यातून म्हणे जनावरं निघतात. एकदा मी कौतुकानं "शेळी छान झाली" म्हणालो. "डोळे तपासून घे बेटा. मोर हाय तो."

माझ्या वडिलांची, आबांची, त्यांच्याशी लहानपणापासूनची दोस्ती. तरी आबांच्या बैलांचं जूसुद्धा चाचांनी कधीचं बुक केलेलं. "बैल गेले की जू माझं." आबा म्हणायचे, "आधी तूच जाशील लेका."

यंदा हरण्या-चंद्र्या, दोन्ही बैल विकले. आबांचे गुडघे कामातून गेले, गडी मिळेना, मी ट्रॅक्टर घेतला. दुसरं काय करणार? आबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले ते पडलेच. जेवण नावाला. आणि अशात हे चाचा हजर! बाभळीचं जू खांद्यावर टाकलं अन् निघाले.

"चाचा, जरा तरी लाज वाटू द्या!" मी ओरडलो.

"आधीच सांगून ठेवलं व्हतं मी, बराबर," म्हणाले अन् गेले. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पोळ्याच्या दिवशी गावात हलगी वाजू लागली, तसं आबांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. पुरणपोळीचं ताट तसंच निवत राहिलं. तेवढ्यात चाचा आले. दोन्ही काखांत एकेक लाकडी जनावर. मला आधी रानडुकरं वाटली.

आबांनी पांघरुणातून डोळा काढला. "ह्याचं शिंग वाकडं काहून?"

"हरण्याचं वाकडंच व्हतं की. डावं."

आबा उठून बसले. त्या शिंगावरून अंगठा फिरवत राहिले. "अन् चंद्र्या एवढा लठ्ठ?"

"तुझ्याच जुवाचं लाकूड हाय. तासून फेकवंना मला."

"चाचा, कशाला एवढी तकलीफ घेतली?" मी विचारलं. माझा आवाज आपोआपच उतरला होता.

चाचा दाराकडं बघत बोलले, "दर पोळ्याला तुझा बाप बैल पहिले माझ्या दारी आणायचा. चाची सुपात ज्वारी घेऊन उभी ऱ्हायची. ती गेली, तरी बैल यायचे. दुसरं कोन येतंय आता माझ्या दारी? वाटलं, यंदा ते बी न्हाई येनार."

आबांनी माझ्याकडं काठी मागितली. मग चाचांवर खेकसले, "मग इथं काय करून राहिला? जा की घरी, सूप काढ. बैल येऊन राहिले तुझ्या दारी!"

चाचा चपला आमच्या उंबऱ्यापाशीच विसरून पळाले.