तानुबाईच्या बोअरचा नमुना

"एका चकरेत काम फत्ते!" सिद्धोधननं प्रयोगशाळेत छाती फुगवून जाहीर केलं. नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले. पण पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी गळाली, तर आसपासच्या पाण्यात कशाचं प्रमाण किती चालतं, हे त्याला पाढ्यासारखं पाठ होतं!

झरी गावाच्या अलीकडं तानुबाईचं घर, शेजारीच पंप. तिच्या बोअरच्या पाण्याला डिझेलचा वास येत होता. पंपवाला म्हणे, पाणी एकदम चांगलं! आता तपासणीत प्रमाण मर्यादेबाहेर निघालं, तरच त्याला टाकी उकरून पाणी साफ करणं भाग होतं.

तानुबाई दारातच उभी होती. "लेकरा, या पाण्यानं पीठ मळलं तर भाकर ट्रकसारखी वास मारायलीय!"

सिद्धोधननं बाटल्या आणि बर्फाचा डबा ओट्यावर ठेवला आणि तो मोटर चालू करायला मागं गेला. तिथंच तिनं आणून दिलेलं गार सरबत पिऊन परत येऊन बघतो तर बाटल्या उन्हात पालथ्या, आरशासारख्या लखलखीत!

"आत कशाचे तरी थेंब व्हते. म्या राखेनं घासल्या."

"मावशी, ते औषध होतं! नमुना टिकवायचं अ‍ॅसिड! हात धुवा आधी! आन् डब्यातला बर्फ?"

"सरबतात टाकला. तूच दोन गिलास पिलास की!"

दुसऱ्या चकरेला सिद्धोधननं डब्यावरची नजर हटवली नाही. बाटली काठोकाठ भरली, आत हवेचा एक बुडबुडा नाही! नियमाप्रमाणं सोबत आणलेल्या शुद्ध पाण्याचीही एक बाटली तिथंच भरली. हातातून काही मिसळलं तर कळावं म्हणून. परतताना तो गाडीवर शीळ घालत होता.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख अर्पिता मॅडमनी त्याला बोलावलं.

"शुद्ध पाण्याच्या बाटलीत पेट्रोल निघालंय, सिद्धोधन. जाताना गाडीत पेट्रोल भरलं होतं?"

भरलं होतं. हातावर सांडलं होतं. आणि ते त्यानं पुसलं होतं, तेही बाटल्या बांधायच्या फडक्याला!

"म्हणजे बोअरचा नमुनाही बाद," मॅडम म्हणाल्या.

फोनवर सांगता आलं असतं, पण त्याला ते बरं वाटेना. तो गेला तेव्हा तानुबाई लांबच्या हापशावरून डोक्यावर दोन घागरी घेऊन येत होती. सरबताचं पाणीसुद्धा तिथूनच आलं असणार, हे त्याच्या आत्ता डोक्यात आलं.

"लागला का निकाल?"

"न्हाई, मावशी. माझ्याच हाताला पेट्रोल होतं. चूक माझी हाय."

तानुबाईनं घागरी उतरवल्या. पदरानं ओटा पुसला.

"दोन महिने झाले, पंपवाला म्हणायलाय माझं काईच चुकलं न्हाई. चुकलं म्हणणारा तूच पहिला भेटलास. बस. च्या पी."

तिसऱ्या खेपेला तो एसटीनं आला. फाट्यापासून डबा डोक्यावर घेऊन चालत, हात इतके धुतलेले की बोटं सुरकुतलेली!

हा नमुना मात्र टिकला. प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. पंपाची टाकी उकरली, तर बुडाला करंगळी जाईल एवढं भोक! पाणी उपसून साफ करायचं काम सुरू झालं आणि तोवर रोज टँकरनं तानुबाईच्या दारात पाणी पोचवायचा हुकूम पंपवाल्याला झाला.

सिद्धोधन आदेशाची प्रत घेऊन तिच्याकडं गेला. "मावशी, आता दर तीन महिन्याला तपासणी. सलग चार वेळा पाणी मर्यादेच्या आत आलं, की मगच साफ झालं म्हणायचं."

तानुबाईनं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे वर्षभर येणार तू?"

"हो, मावशी! मीच येणार!"

तिचा चेहरा मायेनं भरून आला. पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "ये बाबा, कवाबी ये. फकस्त पुढच्या टायमाला संगं एखादा शिकलेला मानूस घिऊन ये!"