कदम सिस्टरांचं विमान

रत्नागिरीहून प्रवासी विमान सुटणार, सुटणार असं आम्ही कितीतरी वर्षं ऐकतोय. मांडवीत आमच्या शेजारी राहणाऱ्या कदम सिस्टरांचं मात्र रोज दुपारी चहानंतर सुटतं. आधी इंजिनाची घरघर भिंतीतून ऐकू येते, मग सिस्टरांचा आवाज येतो, "उजवीकडे समुद्र, डावीकडे पावस. बागा बघून घे, आता वळणार." सुरुवातीला आमच्याकडे आलेले पाहुणे दचकायचे. आम्ही मात्र ती घरघर ऐकली की दूध तापवायला ठेवतो.

सिस्टर म्हणजे नर्स. सगळी हयात इस्पितळात गेली. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर सांगायच्या, वॉर्डात इतकी माणसं हाका मारायची की घरी आणखी एक हाक मारणारा कशाला? निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. सिस्टरांनी कॉम्प्युटर घेतला, तोही सुटे भाग मागवून स्वतः जोडला, आणि त्याच्यावर विमान चालवायचा खेळ टाकला. खेळ म्हटलेलं त्यांना खपत नाही. इंधन संपलं की पडतं, त्याला खेळ कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल असतो.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही. जाताना हात धुवायचे, तेही कोपरापर्यंत. आतली धूळ म्हणजे 'इन्फेक्शन', पंख्याचा आवाज म्हणजे 'धाप'. मी एकदा पेनड्राईव्ह घेऊन गेलो, तर लावायच्या आधी त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि हा यापूर्वी कुठे कुठे लावला होतास ते खरं सांग, म्हणाल्या. मी ऑफिसात, फोटोच्या दुकानात, मेहुण्याकडे असं घाबरत सांगितलं. त्यांनी तो चिमटीत धरून मला परत दिला.

या वर्षी त्यांच्या मनाने घेतलं की डोंगर नीट दिसत नाहीत. विमान खाली नेलं की चित्र अडखळतं, झाडं पुसट होतात. म्हणून त्यांनी नवा, दमदार प्रोसेसर मागवला. पण तो ज्या पाटीवर बसतो, त्या मदरबोर्डला आधी नवं ज्ञान द्यावं लागतं. मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. कॉम्प्युटर चालू झाला की आपण कोण, आपल्याला काय काय जोडलंय, हे सगळ्यात आधी तीच त्याला सांगते. तिच्यातला जुना मजकूर पुसून नवा भरायचा, आणि तो भरताना वीज जाता कामा नये. सिस्टरांनी इन्व्हर्टरचं पाणी तपासलं, देवाला दिवा लावला आणि बटण दाबलं.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. तरीही वीज गेली. इन्व्हर्टर लगेच चालू झाला, पण मधे पापणी लवावी इतकी झोकांडी गेली आणि तेवढी पुरली. जुना मजकूर पुसून झाला होता, नवा अर्धाच भरला होता.

सिस्टरांनी मला हाक मारली. गेलो तेव्हा कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, दिवे लागले होते, पडदा काळा. त्या शेजारी स्टूलवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या.

"श्वास चालू आहे," त्या म्हणाल्या. "शुद्ध नाही."

मी बोर्ड काढून गावातल्या दुकानात नेला. दुकानदाराने दुरूनच बघितलं आणि हा गेला, नवा घ्या, म्हणून सांगितलं. ते ऐकून सिस्टर जाम चिडल्या. पेशंटला हात न लावता गेला म्हणणारे त्यांनी नोकरीत पुष्कळ बघितले होते म्हणे, आणि त्यातले कितीतरी पेशंट आज बाजारात भाजी घेताना भेटतात.

माझ्या लॅपटॉपवर बसून त्या वाचायला लागल्या. त्या दिवसांत दुपारी भिंतीपलीकडे काही वाजेना. आमचं दूध दोनदा तापवायचं राहून नासलं. फोनची रिंग तेवढी ऐकू यायची, मग सिस्टरांचं हळू आवाजात काहीतरी, मग शांतता. आमच्या बायकोने त्यांना आमटीभात नेऊन दिला, तर तो तसाच झाकलेला राहिला.

शेवटी त्यांना सापडलं. बोर्डाच्या मागच्या बाजूला एक छोटं बटण होतं आणि त्याच्यासाठी राखलेलं पेनड्राईव्हचं एक भोक. अशा वेळेसाठीच ते दिलेलं असतं. कंपनीची फाईल पेनड्राईव्हवर घालून तिथे लावायची, कॉम्प्युटर बंद ठेवून नुसती वीज द्यायची आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत राहिला तर चिप नवा मजकूर घेतेय असं समजायचं. आम्ही केलं. दिवा थोडा लुकलुकला आणि नुसता लागून राहिला. म्हणजे घेत नाही. सिस्टरांनी पुन्हा वाचलं आणि कपाळावर हात मारला. फाईल बरोबर होती, पण तिला जे ठरावीक नाव द्यायला हवं होतं ते दिलं नव्हतं.

"पेशंटच्या हातावर नाव नको लिहायला?" त्या मलाच म्हणाल्या.

नाव बदललं. पण आता घरच्या विजेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी कॉम्प्युटर पडद्यासकट स्वच्छ चादरीत गुंडाळला, रिक्षा बोलावली आणि बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात जायला सांगितलं. तिथे मोठा जनरेटर आहे.

कारखान्याचा मालक इक्बाल चाळिशीचा, धिप्पाड. बोटवाल्यांशी त्याचं मोठ्याने काहीतरी चाललं होतं. सिस्टर रिक्षातून उतरलेल्या बघून तो गप्प झाला. त्याच्या जन्माच्या वेळी इस्पितळात त्याच ड्युटीवर होत्या, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगायला त्या मागेपुढे बघत नाहीत. त्यांनी ती सांगायच्या आतच त्याने ऑफिसातलं टेबल पुसून दिलं.

जनरेटर नुसता तयार ठेवायचा नाही, आधीपासून चालू हवा, असं सिस्टरांनी बजावलं. इक्बालने लाईट असताना जनरेटर चालू केला. सिस्टरांनी त्याला आणि मला हात धुवायला लावले. मग बटण दाबलं.

दिवा लुकलुकायला लागला.

बाहेर बर्फाच्या लाद्या घसरत होत्या. कुणीतरी आत येऊन सिस्टरांचं काय चाललंय विचारलं, इक्बालने ओठांवर बोट ठेवलं. मग विचारणाराही तिथेच बघत उभा राहिला. बघता बघता दारात गर्दी जमली. लुंग्या, गमबूट, एक मासे घेऊन आलेली मावशी. सगळे एका एवढ्याशा दिव्याकडे बघत होते. सिस्टरांचा हात टेबलावर होता, बोर्डापासून जरासा लांब, ताप बघावा तसा.

दिवा विझला. सिस्टरांनी कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळाच राहिला. बराच वेळ राहिला. मावशी मागच्या मागे निघायला लागली. आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इक्बाल म्हणाला, आज घरी बिर्याणी आहे, दोघांनी यायचंच. सिस्टरांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आज नको म्हणाल्या. चहाची वेळ होत आली होती, त्यांना घरी पोचायचं होतं.

घरी नवा प्रोसेसर बसवायला मी त्यांना मदत केली. सगळं जागेवर आलं. मला वाटलं, आता त्या चहा टाकतील. त्यांनी मोबाईल काढला, डब्याला टेकवून पडद्यासमोर उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे खाटेवर पडलेली एक वयस्कर बाई दिसली.

"झालं का गो पमे विमान दुरुस्त?" तिने विचारलं.

नर्सिंग शिकायला दोघी एकत्र होत्या, हे सिस्टरांनी मला नंतर सांगितलं. मालू तिचं नाव. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं घर होतं. पाठीच्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मुलाने तिला मुंबईला नेलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. निवृत्त झाल्यावर दोघींनी एकदा विमानात बसायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतो ते सिस्टरांचं स्वतःशी बोलणं नव्हतं.

विमान उडालं. डोंगर खरंच सुंदर दिसत होते, एकेक झाड वेगळं. सिस्टरांनी देवरूख ओलांडलं आणि विमान खाली घेतलं. पुढे वाकून त्या पडद्यात काहीतरी शोधत होत्या. तिथे नुसतं हिरवं रान होतं. वाडी नव्हती, पायवाट नव्हती. नवा प्रोसेसर कशासाठी मागवला होता, ते मला तेव्हा कळलं.

"पोचलो का गो?" मालूताईंनी विचारलं. "आमचं घर दिसतंय?"

सिस्टरांनी डाव्या हाताने कळफलकावरची एक कळ दाबली. स्वच्छ आकाशात कुठूनसे ढग आले आणि डोंगर बघता बघता पांढऱ्यात बुडून गेला.

"आज ढग आहेत बघ," त्या म्हणाल्या. "उद्या परत येऊ."

"चालेल," मालूताई म्हणाल्या. "मी कुठे जात्ये?"