या घरच्या याकूबला मोठं कर

रमजान लागायच्या आधी माझ्या नातीच्या तोंडून फोनवर मी जे शेवटचं पूर्ण वाक्य ऐकलं, ते असं होतं: "आजी, आजोबा नोटीस वाचतायत का?" वाक्य इंग्रजीत होतं, आणि मला उद्देशून नव्हतंच.

यात तिचा काही दोष नाही. मी उभी हयात बंदरावरच्या कस्टम्सच्या हापिसात कारकुनी केली. माझं इंग्रजी जहाजातून उतरलेल्या खोक्यांशी बोलण्यासाठी घडलेलं आहे. लुलुआ 'हाय ग्रँडपा' म्हणाली, की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "युवर कॉल इज रिसीव्हड विथ थँक्स." पाच वर्षांची पोर ती. ती फोन खुर्चीवर उताणा टाकून पळून जाते आणि मग मला कार्डिफमधल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीचं छत दिसत राहतं. छताच्या एका कोपऱ्यात ओल आली आहे. मी ते मुलाला सांगितलं. (त्याने अजून कुणाला बोलावलेलं नाही. मी रोज पाहतो.)

मला आमचं आख्खं मुहर्रक शहर बू गानिम म्हणतं, म्हणजे गानिमचा बाप. गानिम तिकडे, सून तिकडचीच, नात फक्त इंग्रजी बोलणारी. आणि आता माझी बायको शरीफाही तिकडे. ती सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी चाळीस दिवसांकरता गेली. मग म्हणाली, बाळाने मान धरली की येते. मग म्हणाली, दात आले की येते. दात आले. आता म्हणते, चावतो हो, सुनेला एकटीला कसं आवरेल. ते बाळ ज्या वेगाने प्रगती करतंय ते पाहता त्याच्या लग्नापर्यंत माझी सुटका दिसत नव्हती.

"तुम्ही तिच्याशी पोरांसारखं बोला ना," शरीफा म्हणाली.

"पोरांसारखं म्हणजे कसं?"

"गाणं म्हणा. आवाज काढा. मांजर व्हा."

"चौसष्टाव्या वर्षी मी मांजर होऊ?"

"घरात असताना दूध चोरून पीतच होतात की."

मांजर होणं काही मला जमलं नाही. (फोन बंद करून मी एकदा प्रयत्न केला. शेजारचा खरा बोका भिंतीवरून पाहत होता, तो उठून गेला.) पण गाण्याचं डोक्यात बसलं. रमजान नुकताच लागला होता, आणि गल्लीतली पोरं आत्तापासूनच अर्ध्या रमजानच्या संध्याकाळचं गाणं घोळवायला लागली होती. त्या संध्याकाळी, आमच्या गरगाऊनला, पोरं गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार जातात, गाणं म्हणतात, आणि घरवाले पिशवीत शेंगदाणे, अक्रोड, टॉफ्या टाकतात. माझ्या आजानेही तेच गाणं म्हटलं होतं. मी ठरवलं, हेच गाणं इंग्रजीत करायचं, गल्लीतल्या पोरांना शिकवायचं आणि गरगाऊनच्या संध्याकाळी लुलुआला फोनवर ऐकवायचं. पोरांना इंग्रजी येईल, मला पोरांशी बोलायचा सराव होईल आणि लुलुआला कळेल, की आपला आजोबा म्हणजे नोटीस नव्हे.

समोरच्या घरातल्या उम्म खलफानला मी हा बेत सांगितला. भाषांतर झालंय, फी नाही, वर्ग अंगणात, दार सताड उघडं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बू गानिम, घर खायला उठतं ना?"

मी म्हटलं, छे छे, हा शिक्षणाचा प्रश्न आहे.

"बरं," ती म्हणाली, आणि तिने तिची लेक वदीमा पाठवली, वर अर्ध्या गल्लीत निरोपही पाठवला.

ही वदीमा म्हणजे पाच-साडेपाच वर्षांची, पुढचा एक दात पडलेली आणि चेहऱ्यावर आमच्या मोठ्या साहेबांचा भाव असलेली मुलगी. बाकीची पोरं आपापल्या जागी गोंधळ घालत होती. ही गोंधळ घालत नव्हती, तपासणी करत होती. मी गाणं सुरू केलं. दार उघडा, दिवा लावा, या घरच्या अमक्याला लवकर मोठं कर, देवा. इंग्रजीत: ओपन द डोअर, लाइट द लॅम्प, गॉड मेक हिम ग्रो. 'अमक्या'च्या जागी घरातल्या मुलाचं नाव घ्यायचं असतं. तिथे वदीमाने हात वर केला.

"या घरातल्या मुलाचं नाव काय?"

"गानिम."

"कुठाय?"

"कार्डिफला."

"मग दाखवा."

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. गानिमला टक्कल पडलंय. पोरांनी ते टक्कल बघून घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं. हा आता आणखी काय मोठा होणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

"दुसरं कोण राहतं इथे?" वदीमाने विचारलं.

"मीच."

"आणखी?"

"मीच."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "तुमचं नाव काय?" गेल्या कित्येक वर्षांत मला माझं नाव कुणी विचारलं नव्हतं. मी याकूब म्हटलं. आणि मग पंधरा-वीस पोरांनी माझ्या अंगणात बेंबीच्या देठापासून गाणं म्हटलं, की देवा, या घरच्या याकूबला लवकर मोठं कर. मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. आमच्या घरासमोर हे गाणं इतकी वर्षं झालंच नव्हतं. ज्या घरात पोर नाही तिथे पोरं फारशी थांबत नाहीत.

गाणं संपलं. मी म्हटलं, शाबास, आता पुन्हा एकदा. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उघडून माझ्यापुढे धरल्या.

मी समजावून सांगितलं, की हा सराव आहे. वदीमाने मला समजावून सांगितलं, की गाणं झालं. गाणं झालं की पिशवीत काहीतरी पडतं, हा नियम तिच्या आईच्या, आजीच्या आणि माझ्या आजाच्या काळापासूनचा होता. त्यापुढे माझी शिक्षणपद्धती किती टिकणार? मी घरात जाऊन शेंगदाण्यांचा डबा आणला.

तेव्हापासून माझ्या वर्गाची भरभराट झाली. रोज दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर अंगण भरायचं. मास्तर रोज्याने अर्धमेला, आणि विद्यार्थी त्याच्यासमोर कडाकड अक्रोड फोडतायत. मी 'वन्स मोअर' म्हटलं की पोरं हर्षाने गायची, कारण वन्स मोअर म्हणजे आणखी एक मूठ. 'वन्स मोअर' हे शब्द ती इतकी शुद्ध बोलायला लागली, की पुढे पुढे मी न म्हणताच तीच म्हणायची. उम्म खलफान तक्रार घेऊन आली, की पोरगी जेवत नाही, पण इंग्रजीत जेवत नाही म्हणते. मी हा माझ्या अध्यापनाचा गौरव समजलो. कोपऱ्यावरचा वाणी मंदी मला पाहिलं की न विचारता शेंगदाण्यांचं पोतं पुढे ओढायचा.

खरं सांगायचं तर मला त्या कलकलाटाची चटक लागली होती. सूर्यास्ताची, मगरिबची बांग व्हायच्या आधी पोरं पांगायची आणि मग अंगणात नुसती टरफलं उरायची. शेजारणी माझी कीव करून एकेक वाडगा गहू-मांस घोटून केलेलं हरीस पाठवायच्या. एकटा माणूस आणि टेबलावर सहा वाडगे हरीस, हे दृश्य रिकाम्या टेबलापेक्षा वाईट असतं. रोजा सोडून मी अंगण झाडायचो. एक कोपरा मात्र मुद्दाम झाडत नव्हतो. सकाळी उठल्यावर तिथली टरफलं बघून बरं वाटायचं.

एके दिवशी वदीमाने प्रश्न विचारला. माझ्या वर्गातला तो पहिलाच शैक्षणिक प्रश्न. "घरवाल्याने काहीच दिलं नाही, तर शेवटी जे म्हणतात, ते इंग्रजीत काय?"

तशी एक ओळ आहे. कंजूस घरासमोर म्हणतात, की या घरचा उंदीरही उपाशी. मी ती गाळली होती. पण शिष्याने स्वतःहून विचारल्यावर कुठल्या गुरूला राहवेल? मी रात्रभर डोकं खाजवून भाषांतर केलं: "मायझर हाउस, हंग्री माउस!" यमकसुद्धा जमलं. कस्टम्सच्या हापिसात कुणी मला यमक जुळवू दिलं नव्हतं. पोरांनी ती ओळ एका झटक्यात उचलली. तेवढी एकच. बाकीच्या गाण्यात 'ओपन द' पर्यंत इंग्रजी असायचं आणि पुढे जे काही असायचं ते देवालाच समजत असेल.

गरगाऊनची दुपार आली. मी डबा उघडला तर तळाशी मीठ तेवढं होतं. धावत मंदीकडे गेलो.

"शेंगदाणे नाहीत," तो म्हणाला. "अक्रोड नाहीत. टॉफ्या नाहीत."

"आज? गरगाऊनला?"

"बू गानिम, महिनाभराचा माल तुम्ही पंधरा दिवसांत नेलात. माझ्या स्वतःच्या पोरांच्या पिशवीत काय घालू ते तुम्हीच सांगा."

इतर दुकानांत तर सकाळीच झाडू फिरलेला होता. घरात उरलं होतं फक्त हरीस. ते पिशवीत घालता येईल का, याचा मी काही काळ गंभीरपणे विचार केला. (एका पिशवीवर प्रयोगही केला. त्याबद्दल न बोललेलं बरं.) मग मनाशी म्हटलं, आधी गाणं तर होऊ दे. एवढे दिवस मी त्यांना शिकवलं, एक दिवस उधारीवर गातील की.

रोजा सुटल्यावर पोरं आली. मुली जरीच्या कपड्यांत, मुलगे टोप्या घालून, सगळ्यांच्या गळ्यात नव्या पिशव्या. मी फोन हरीसच्या वाडग्याला टेकवून उभा केला. पडद्यावर शरीफा आली, तिच्या मांडीवर चावणारं बाळ, आणि बाजूला लुलुआ, निम्मी बाहेर, पळायच्या तयारीत. ही पोर आज पळाली तर पुन्हा थांबणार नाही, असं मला का कोण जाणे वाटत होतं.

मी हात वर केला. पोरांनी गाणं म्हटलं. 'ओपन द' पर्यंत सुरेख झालं. पुढे 'याकूब' तेवढं ठळक ऐकू आलं. लुलुआ जांभई देत होती.

गाणं संपलं. पिशव्या उघडल्या.

"नंतर," मी हळूच म्हटलं. "उद्या. नक्की देतो."

वदीमाने माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग तिने पोरांकडे मान फिरवली आणि आख्ख्या वर्गाने, एका सुरात, एका तालात, कार्डिफच्या शाळेलाही लाजवील अशा उच्चारांत, माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं:

"मायझर हाउस! हंग्री माउस!"

पडद्यावरची लुलुआ थबकली. मग पूर्ण आत आली. मग इतकी हसली, की खाली बसली. "वन्स मोअर," ती म्हणाली, आणि माझ्या वर्गाला हे दोन शब्द येतच होते. त्यांनी पुन्हा म्हटलं. लुलुआनेही म्हटलं. शरीफाचा चेहरा ओढणीआड गेला होता, खांदे तेवढे हलताना दिसत होते. ती कुणाला हसत होती ते मी विचारलं नाही.

पण गरगाऊनची संध्याकाळ कंजुसाच्या दारी घालवायला कुणालाच परवडत नाही. पोरं उठली आणि समोरच्या घराकडे सुटली. तिकडे बाळ रडायला लागलं, म्हणून शरीफाने फोन ठेवला. एका क्षणात अंगणही रिकामं आणि पडदाही काळा. गल्लीभर गाणी चालली होती, सगळी दुसऱ्यांच्या दारात. मी खुर्चीत बसून राहिलो. मला फार एकटं वाटलं, इतकं, की शरीफा गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने दारात वदीमा. एकटीच. पिशवी गच्च भरलेली.

"घरच्या मुलाला कुणी काही दिलं का?" तिने विचारलं.

"कोणत्या मुलाला?"

"याकूबला."

मी नाही म्हटलं. तिने पिशवीत हात घातला, मूठ भरली. मी ओंजळ पुढे केली. तिने मूठ मागे घेतली.

"आधी गाणं."

तर चौसष्ट वर्षांचा मी, कस्टम्सचा निवृत्त हेडक्लार्क, माझ्याच घराच्या दारात उभा राहून एका मुठीसाठी गायला लागलो. ओपन द डोअर, लाइट द लॅम्प. समोरच्या दारातून उम्म खलफान पाहत होती. मी 'गॉड मेक'पर्यंत आलो आणि फोन वाजला.

लुलुआ होती. तिने स्वतः फोन केला होता, आजीने नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा. मी हापिसचं सगळं इंग्रजी गिळलं आणि नुसतं म्हटलं, "लुलुआ, माझ्या सोन्या, बोल."

"ग्रँडपा," ती म्हणाली, "ती दात पडलेली मुलगी आहे का? तिला द्या ना."

मी फोन वदीमाला दिला. दोघी पायरीवर बसून बोलायला लागल्या. म्हणजे एक इंग्रजीत, एक अरबीत, आणि दोघी आपापले पडलेले दात दाखवत. त्यांचं मस्त चाललं होतं. मी शेजारी बसलो. मला कुणी हाकललं नाही, म्हणून बसूनच राहिलो. पडद्याच्या कडेला छताचा तो ओलावलेला कोपरा दिसत होता. आज माझं तिकडे लक्षच नव्हतं. बऱ्याच वेळाने, कुणाचं ध्यान नाही असं पाहून, मी हळूच पिशवीकडे हात नेला.

वदीमाने मान न वळवता पिशवी दुसऱ्या बाजूला ओढून घेतली.

"गाणं अर्धंच झालंय," ती म्हणाली.