गरजू बाजूचं घर

नामासाले गावात 'हातात हात' या संस्थेच्या सेवेला चाळीस वर्षं पूर्ण होत होती, आणि त्यामुळे एक गंभीर अडचण उभी राहिली होती. गाव सुधारलं असं दाखवावं, तर संस्थेचं काम संपलं. सुधारलं नाही असं दाखवावं, तर चाळीस वर्षं संस्थेनं केलं काय? समुद्रापलीकडून येणाऱ्या देणगीदार पाहुण्यांना या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी पटवून द्यायच्या होत्या.

समन्वयक फायसनसाहेबांनी तोडगा काढला. झोम्बा शहराला जाणारा रस्ता गावाच्या मधून जात होता. त्या रस्त्याच्या पूर्वेला 'यश' राहील आणि पश्चिमेला 'गरज' राहील, असं ठरलं. पाहुणे आधी पूर्वेला टाळ्या वाजवतील, मग पश्चिमेला हळहळतील आणि दुपारच्या जेवणाला झोम्ब्यात परत जातील. मुख्य कार्यालयानं या योजनेला मंजुरी देऊन साहेबांचं अभिनंदनही केलं.

एस्नाथचं घर पश्चिमेला होतं.

आता एस्नाथ गरजू होती असं तिचा वैरीसुद्धा म्हणाला नसता. बसथांब्यावर वर्षानुवर्षं मंदासी, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून तिनं घरावर पत्रे घातले होते, एक सोफा घेतला होता, शेरडं पाळली होती. नवऱ्यामागं सगळं एकटीनं उभं केलेलं. खरी गरजू होती ती समोरची, पूर्वेकडची डोरिका. तिच्या घरावर संस्थेनंच कधीकाळी पत्रे घातले होते आणि त्या पत्र्यांतून रात्री चांदण्या मोजता यायच्या. पण समारंभ सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या कोरड्या दिवसांत होता, त्यामुळे गळतीचा प्रश्न उद्भवत नव्हता. भिंतींना निळा रंग फासला की झालं.

"साहेब, त्याच शनिवारी माझ्या पोरीच्या लग्नाची बोलणी आहेत!" एस्नाथ कार्यालयात जाऊन कडाडली. "मुलाचे, त्या विटनेसचे, मामा घर बघायला येणार. त्यांच्यापुढं मी भिकारीण म्हणून बसू?"

"एका दिवसाचा प्रश्न आहे, काकू."

"मग मला पूर्वेला टाका आणि डोरिकाला इकडं आणा. ती खरी गरीब आहे."

"खरी-खोटी हा निकषच नाही, काकू. दिशा हा निकष आहे. नकाशे छापून झालेत."

"फायसन, माझ्या हातच्या मंदासी खाऊन वाढलास ना रे तू?"

साहेबांनी दार लोटून घेतलं. "काकू, तुमच्या पाया पडतो. सगळं गाव यशस्वी झालं तर मला घरी बसवतील हो. माझी पोरं काय खातील?"

एस्नाथचं मन विरघळलं. तिथंच ती फसली.

गुरुवारी संस्थेची माणसं आली आणि त्यांनी तिच्या चांगल्या पत्र्यांवर गवत शाकारलं. शुक्रवारी पूर्वेकडं यश कमी पडतंय असं लक्षात आल्यावर तिचा सोफा, खुर्च्या आणि शेरडं रस्ता ओलांडून डोरिकाकडं गेली. तियांजाने, एस्नाथची लेक, उंबऱ्यात बसून रडायला लागली. "आई, विटनेसनं त्याच्या मामाला सांगून ठेवलंय, पत्र्याचं घर आहे म्हणून! हे गवत बघून ते पाणी न पिता उठतील."

"आणि बोलणी करायची मी," एस्नाथचा भाऊ लामेक म्हणाला. आमच्याकडं मुलीचं लग्न ठरवायचं ते तिच्या मामानं. "या गवताखाली बसून कुठल्या तोंडानं अटी घालू?"

एस्नाथनं रस्त्यापलीकडं बघितलं. आपला सोफा तिकडं, खुर्च्या तिकडं, शेरडंही तिकडंच. मग आपणच इकडं काय करतोय? ती तडक डोरिकाकडं गेली आणि एका दिवसापुरती घरं बदलायची म्हणाली.

"चालेल की," डोरिका म्हणाली. "नुसतं गरीब दिसत बसायचं ना? त्याची मला सवय आहे बाई."

शनिवारी मुलाचे मामा ग्रेशम कडक सूट घालून आले आणि डोरिकाच्या घरात एस्नाथच्या सोफ्यावर बसले. रिवाजाप्रमाणं त्यांनी सुरुवात केली, "आमच्या कोंबड्यानं या अंगणात एक तलंग पाहिली म्हणे."

"तलंगा पुष्कळ आहेत," लामेक म्हणाला. "तुमचा कोंबडा कामाधंद्याचं काय करतो ते सांगा."

बोलणी रंगात आली होती, तेवढ्यात गाड्या थांबल्या आणि देणगीदार पाहुणीबाई फायसनसाहेबांसह थेट आत आल्या. सूट, सोफा, शेरडं बघून त्यांनी छातीवर हात ठेवला. संस्थेमुळं या बाईचं आयुष्य कसं बदललं, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी प्रश्न गावाच्या भाषेत सांगितला आणि कपाळ पुसलं.

एस्नाथ पेचात पडली. सगळं संस्थेनं दिलं म्हणावं, तर व्याही म्हणतील दानावर जगणारं घर. नाही म्हणावं, तर फायसनची पोरं उपाशी. ग्रेशममामा तिच्याकडं रोखून बघत होते.

"या घरातली एक काडी कोणी मला दिलेली नाही," ती म्हणाली. "सोफा माझा, शेरडं माझी. तेलात हात भाजून घेतलेत मी. पाहिजे तर हात बघा." तिनं दोन्ही हात पुढं केले.

"त्या म्हणतात," साहेबांनी पाहुण्यांच्या भाषेत सांगितलं, "जे आहे ते तुमचंच आहे. आणि त्या तुमचे हात मागताहेत, हातात घ्यायला."

पाहुणीबाईंनी ते भाजलेले हात गच्च धरले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय खमकी बाई आहे!" ग्रेशममामा लामेकला म्हणाले. "तोंडावर सुनावलं, तरी टाळ्या! ठरलं आमचं. लग्न मात्र याच अंगणात, याच घरी. आमची सगळी भावकी बघू दे."

पलीकडं डोरिकानं नुसतं बसून कमाल केली. पाहुणीबाई तिथं ढसाढसा रडल्या. गवताच्या छपराखाली बसलेल्या डोरिकाचा फोटो निघाला आणि पुढच्या दहा वर्षांच्या कार्यक्रमाचा चेहरा म्हणून तो जगभर गेला.

सोमवारी एस्नाथ आपल्या घरी परत गेली, तर साहेब दारातच उभे होते.

"काकू, या घरात आता फोटोतली डोरिकाच दिसायला हवी. लोक फोटो बघून खात्री करायला येतात."

"अरे, पण घर माझं आहे!"

"मी काही इथून जायची नाही," डोरिका आतून म्हणाली. "गवताखाली पत्रे आहेत, माहीत आहे ना? थेंब येत नाही." अशा रीतीनं चाळीस वर्षांत संस्थेच्या हातून एका बाईच्या डोक्यावर न गळणारं छप्पर आलं.

"मग माझं काय, फायसन?"

"तुम्ही यशस्वी आहात, काकू. यशस्वी माणसाला मदत करायची तरतूद नाही."

व्याह्यांना खरं सांगावं, तर लेकीचं लग्न मोडतं. एस्नाथ डोरिकाच्या घरात राहायला गेली. नोव्हेंबरात पाऊस लागला आणि यश ठिकठिकाणी गळू लागलं. तियांजानेच्या लग्नाचं नवं कापड डोक्यावर धरून दोघी मायलेकी रात्रभर बसून राहिल्या आणि फायसनच्या नावानं बोटं मोडत राहिल्या.

हे वाचून तुम्हालाही गलबलून आलं असेल, मोठ्या मनाची माणसं तुम्ही. एस्नाथसाठी काहीतरी पाठवावं, असंही वाटलं असेल. हात जोडून सांगतो, तेवढं करू नका. तुमची मदत निघाली की ती घेण्याजोगी दिसण्यासाठी बिचारीला तेही घर सोडावं लागेल.