येतोचच्या वाटणीचे दरवाजे

एका माणसाला फक्त चार शब्द स्पष्ट बोलायचे, एवढंच मी ठरवलं होतं. त्या चार शब्दांपायी मी एक इस्त्री कायमची बिघडवली, परीक्षकांचे बूट भिजवले आणि शेवटी लग्न करून बसलो. (बायकोला हे मान्य नाही. तिच्या मते इस्त्री आधीच बिघडलेली होती.)

आम्ही तांत्रिक विद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट दोघादोघांनी करायचं होतं आणि हजेरीपटावर माझ्याखालचं नाव त्याचं होतं, म्हणून आमची जोडी. वर्गात त्याला सगळे 'येतोच' म्हणत. कुठेही बोलावलं की "तू हो पुढे, मी येतोच" म्हणायचा आणि थेट दुसऱ्या दिवशी उगवायचा, तेही इतक्या प्रसन्न चेहऱ्याने की आपलंच काही चुकलं असावं असं वाटे.

आम्हाला कालव्याचं चालतं मॉडेल करायचं होतं. प्लायवूडची लांब पेटी, तिच्यात दोन दरवाजे. त्यांच्या मधल्या भागात पाणी सोडलं की होडी हळूहळू वर चढायची. पेटी, पंप आणि रिपोर्ट माझ्याकडे, दरवाजे येतोचकडे. महिना उलटला. माझी पेटी झाली, रंग वाळला, वेळ जाईना म्हणून होडीला मी शीडसुद्धा लावलं. दरवाज्यांचा पत्ता नव्हता.

सर म्हणाले, "पार्टनर काम करत नसेल तर तसा अर्ज दे. मी त्याला वेगळा काढतो."

अर्ज लिहिला, खिशात घातला. मग वाटलं, दोन वर्षं एका बाकावर काढली, आधी तोंडी सांगून बघावं. इथेच मी फसलो.

आरशासमोर उभं राहून भाषण पाठ केलं. 'हे बघ, जबाबदारी म्हणजे काय हे तुला समजायला हवं' अशी सुरुवात होती आणि मध्ये एक जीवघेणा पॉज होता. रविवारी त्याचं घर गाठलं. दार त्याच्या आईने उघडलं.

"येईलच इतक्यात," त्या म्हणाल्या. (घराणंच तसलं.) "तूही तांत्रिकलाच ना रे? मग ही इस्त्री जरा बघतोस का? हा महिनाभर नुसता बघतो म्हणतोय."

येतोच आला तेव्हा मी इस्त्री उघडून जमिनीवर बसलो होतो. "बरं झालं आलास," तो म्हणाला. "तुझ्या हाताला गुण आहे." मी भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात हातातली स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. मग आम्ही दोघं पालथे पडून तासभर ती शोधत होतो. पालथं पडून जबाबदारीवर बोलता येत नाही.

दुसऱ्या खेपेला परत आलो तो काखेत प्लायवूड आणि पिशवीत बिजागऱ्या घेऊन. "साहित्य सगळं आणलंय बघ," तो म्हणाला होता, "आता काय, नुसतं कापायचं. तुझी करवत धारदार आहे ना?" तिसऱ्या खेपेला त्याची वही आणली, आकृत्या काढून द्यायला. त्याची धाकटी बहीण टायपिंगच्या क्लासला निघाली होती. चपला घालता घालता तिने विचारलं, "आज काय न्यायला आलात?"

दरवाजे आमच्या न्हाणीघरात तयार झाले. आठवडाभर वडिलांनी कालव्याशेजारी अंग चोरून आंघोळ केली. आई म्हणाली, "दोघांचं आहे ना हे? मग दुसरा कुठे आहे?"

"येतोच म्हणालाय," मी म्हणालो.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दरवाज्यांच्या कडांना चिकटवल्या. गोंद एक दिवस वाळायला हवा होता. त्याला मिळाले चार तास.

तोंडी परीक्षेला येतोच वेळेवर हजर होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. (इस्त्री कुणाची, हे विचारायचं राहूनच गेलं.) परीक्षक बाहेरचे होते, त्यांचे बूट इतके चकचकीत की त्यात आमची होडी दिसत होती. मी पंप सुरू केला. होडी डौलात वर चढू लागली. परीक्षक कौतुकाने पुढे वाकले आणि त्याच क्षणी पुढच्या दरवाज्याची पट्टी सुटली. अख्खा कालवा टेबलावरून त्यांच्या मांडीवर आणि तिथून बुटांत उतरला. होडी शिडासकट गुणपत्रिकेवर जाऊन थांबली.

"दरवाजे कोणी केले?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कागदोपत्री उत्तर 'याने', खरं उत्तर 'मी'. खिशात अर्ज होता. मी तो चाचपत राहिलो. तेवढ्यात येतोच एक पाऊल पुढे झाला.

"मी केले, सर. पट्टी नीट बसली नाही, चूक माझीच. पण याची पेटी बघा, एक थेंब गळत नाही."

दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा एखाद्या कामाची जबाबदारी घेतली, आणि ते काम त्याने केलेलं नव्हतं. मी खिशातला अर्ज आणखी आत सारला. परीक्षकही विरघळले असावेत. निकालात त्याला माझ्यापेक्षा चार गुण जास्त होते, प्रामाणिकपणाचे. माझ्यापुढे शेरा होता: 'सहकाऱ्याच्या कामाकडे लक्ष नाही.'

तो शेरा वाचून मात्र मी तडक त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. बहिणीने दार उघडलं. मी थांबलो नाही. उंबरठ्यावर उभा राहून संपूर्ण भाषण केलं, पॉजसकट. ती एकटक माझ्याकडे बघत होती. मध्ये दोनदा तिने मान हलवली. शेवटी हळूच म्हणाली, "बसा. पाणी आणते."

मी बसलो. मग तिथे जाणं वाढत गेलं. दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. पाहुण्यांसाठी गाडी आणायचं काम येतोचकडे होतं. पाहुणे चालत आले.

याला आता सव्वीस वर्षं झाली. येतोचचे केस पिकले, तो अजून येतोच म्हणतो, आणि ओल्या प्लायवूडचा वास आला की मला अजून त्याचं ते एक पाऊल आठवतं. परवा असाच वास आला तेव्हा मी बायकोला म्हटलं, "जन्मात एकदाच मी इतकं स्पष्ट बोललो, आणि ते तुझ्यासमोर. तेच तुला आवडलं असणार."

"कधी बोललात?"

"त्या दिवशी, उंबरठ्यावर. किती लक्ष देऊन ऐकत होतीस."

"तेव्हा होय," ती म्हणाली. "कान दुखत होते माझे. औषध घालून दोन्ही कानांत कापसाचे बोळे बसवले होते. तुमचे नुसते ओठ हलताना दिसत होते आणि घाम फुटला होता. मला वाटलं, लग्नाचं विचारताय. म्हणून मान हलवली."

मी तिच्या दोन्ही कानांकडे बघून घेतलं.

"मग काय म्हणत होतात नक्की?" तिने विचारलं.

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला ती म्हणाली, "कापूस होता तेच बरं होतं."