कुकरमधली वाळू

“ही वाळू धुवायची नाही हं, सूनबाई,” असं सासऱ्यांनी बजावलं, तेव्हा तिच्या एका हातात ठमीच्या तोंडात जायचा घास होता आणि दुसऱ्या हातात ठमीनेच भिरकावलेला चमचा. ती म्हणाली, “हो हो, बाबा.” असं ‘हो हो’ ती दिवसभरात शंभर गोष्टींना म्हणत असे. आणि बाहेरून घरात आलेली वस्तू धुवायची नाही, हे वाक्य तिच्या कानात शिरणं शक्यच नव्हतं. शिरलं असतं, तरी तिने ते आधी धुऊन घेतलं असतं.

कारण ठमी झाल्यापासून ती सगळंच धुवायची. फळं, खेळणी, चपलांचे तळ, दाराची कडी. एकदा तर तिने नवऱ्याच्या स्कूटरची किल्ली उकळत्या पाण्यात टाकली होती. स्कूटर त्यानंतर चालू झाली, पण नवरा आठवडाभर तिच्याकडे जरा सांभाळूनच बघत होता.

बाबांचं सगळं आयुष्य चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात गेलं. निवृत्त झाले, खुर्चीत बसले, ते बसलेच. काहीही विचारा, उत्तर एकच. भाजी कोणती करू? “चालेल.” पंखा लावू? “चालेल.” तिला त्या ‘चालेल’ची धास्तीच बसली होती. ठमीला ताप आला तर काय करायचं, हे तिला पाठ होतं. पण धडधाकट माणूस नुसता ‘चालेल, चालेल’ करत विझत चालला, तर त्याला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं?

मग एकदा फिरायला गेलेले बाबा एका दुकानाच्या काचेसमोर थांबले. काचेपलीकडे समुद्र होता. खारं पाणी, डोलणारी प्रवाळं आणि त्यांच्यामधून सुळकन जाणारे मासे. त्या दिवशी जेवताना बाबांनी स्वतःहून भाजी मागून घेतली, आणि पुढच्या महिन्यात बैठकीच्या खोलीत टाकी आली.

टाकी आली, पंप आला, दुकानदाराच्या जुन्या टाकीतले भोकाभोकांचे दगड आले. गाडी अडली ती वाळूपाशी. जेवणाच्या टेबलावर काचेच्या वाट्या मांडल्या गेल्या. प्रत्येक वाटीत वेगळी वाळू, आणि बाबा डोळ्याला भिंग लावून एकेक दाणा तपासतायत.

“ही बघ, ही जाड. दिसायला झकास, पण फटीफटींत घाण साठणार. ही पिठासारखी. पंप लावला की टाकीत वादळ! आणि ही? ही कुठल्यातरी बांधकामावरची आहे. नुसतेच खडे. हिला तर मी घरातच घेणार नव्हतो.”

“मग मधली घ्या ना, बाबा.”

“मधली म्हणजे किती मधली?” बाबांचे डोळे लकाकले. “दुकानात पसंत केलाय तो आपला मासा वाळूत शिरून झोपतो, सूनबाई. अख्खाच्या अख्खा! उद्या तुला कुणी खडीवर झोपवलं तर?”

तिला हसू आलं आणि रडूही. बाबांना आता काहीच चालत नव्हतं! पंप चालत नव्हता, दिवा चालत नव्हता, टाकीची जागा चालत नव्हती. इतकं छान घर तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

शेवटी बारीक, गोल दाण्यांची, ओली वाळू पसंत पडली. मोठी पिशवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात येऊन बसली. रविवारी सकाळी वाळू टाकीत आणि संध्याकाळी मासा घरात, असं ठरलं. शनिवारी बाबा दुकानात गेले. “माशाला भेटून येतो,” म्हणाले. नवा शर्ट घालून गेले.

ते गेले आणि ठमीने पिशवीला बोटाने भोक पाडलं. ते बोट तोंडात घातलं. चव आवडली असावी, कारण तिने दुसरं बोटही घातलं.

ठमीची आई झेपावली. ठमीचं तोंड पुसून झाल्यावर तिने पिशवी उलटी केली आणि मागचा मजकूर वाचला. ‘जिवंत वाळू! प्रत्येक दाण्यावर असंख्य जिवंत जीवाणू!’ तिच्या अंगावर काटा आला. हे लोक असं उघड उघड लिहितात? वर उद्गारचिन्ह देऊन?

पुढचं सगळं ओघानेच झालं. आधी तिने वाळू बाटल्या निर्जंतुक करायच्या यंत्रात घालून पाहिली, पण त्यात मूठभरच मावली. मग मोठा कुकर काढला. वाळूला शिट्ट्या किती लागतात, ते पिशवीवर लिहिलेलं नव्हतं, तेव्हा तिने कडधान्याचा अंदाज धरला. घाण्यामागून घाणा काढला. घरभर समुद्रकिनाऱ्यावर कुणी कपडे उकळत ठेवावेत तसा वास सुटला. मग गच्चीत जुनी चादर अंथरून तिने ती वाफाळती वाळू पसरली आणि कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत राहिली. ठमी जाळीच्या दाराआडून नवऱ्यासारखंच तोंड करून बघत होती.

खरा नवरा थोड्या वेळाने आला. “हे काय वाळत घातलंयस?”

“बाबांची वाळू. छान शिजवून घेतली. अरे, शी! केवढे जंतू होते तिच्यात माहितीये?”

नवरा मटकन पायरीवर बसला. “अगं बाई, त्या जंतूंसाठीच तर आणली होती ती! तेच माशाची घाण खातात. ते नसले तर पाणी विषारी होतं. पिशवीवर लिहिलेलं नव्हतं?”

“लिहिलेलं होतं ना! मला वाटलं, तो धोक्याचा इशारा आहे!”

“ती जाहिरात होती!”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिला उद्याची सकाळ दिसायला लागली. बाबा नव्या शर्टात उभे आहेत, वाळू ओततायत, मासा येतोय, मासा उलटा होतोय, आणि बाबा खुर्चीकडे चाललेत. ‘दुसरा मासा आणू या, बाबा?’ ‘चालेल.’

“नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “दुसरी पिशवी आणू. आत्ताच्या आत्ता.”

तिने दुकानाला फोन लावला. दुकानदार आनंदाने ओरडला, “अहो, तुमचे सासरे इथेच आहेत! माशाशी गप्पा मारतायत. देतो हं.”

“नको, नको, देऊ न...”

“बोल, सूनबाई,” बाबा म्हणाले.

तिने घसा खाकरला. “बाबा, ते... अजून एक पिशवी मिळेल का वाळूची? ठमीला खेळायला.”

“अगं, बारीक तर संपली. आपण घेतली ती शेवटची. जाड आहे म्हणतोय. आणू?”

“जाड नको, बाबा! माशाचं अंग सोलून निघेल!” ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पलीकडे बाबांचा आवाज एकदम हळवा झाला. “तू ऐकत होतीस होय गं सगळं? मला वाटायचं, तू नुसती हो हो करतेस.”

फोन ठेवला तेव्हा ती आणखीनच खचली होती. नवरा मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. “हे बघ. एखाद्या जुन्या, चालत्या टाकीतली वाटीभर वाळू मिसळली, तर हळूहळू सगळी वाळू जिवंत होते म्हणे.”

“म्हणजे विरजण!” ती ताडकन उठली. आयुष्यात पहिल्यांदा जीवाणूंचं शास्त्र तिला असं लख्ख समजलं होतं. “अरे, मग असं सांग ना! विरजण लावायचंय! कुणाकडे आहे तशी टाकी?”

दोघांनाही एकदमच आठवलं. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे. पेशंट बसतात तिथे, भिंतभर.

ती स्टीलची वाटी घेऊन निघाली. विरजण मागायला जाताना वाटी लागतेच. दवाखान्यात टेबलामागच्या मुलीने मान वर केली.

“अपॉइंटमेंट?”

“नाही, मला थोडी वाळू हवी होती.”

मुलीने तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. “कुठला दात?”

“दात नाही हो. डॉक्टरांना भेटायचंय.”

“दात नसेल तर डॉक्टर भेटत नाहीत.”

“मग... दाढ,” ती म्हणाली. “उजवी. वरची. भयंकर ठणकतेय.” आणि खात्री पटावी म्हणून तिने गालावर वाटी दाबून धरली.

डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. ती तोंड उघडून “खरं तर मला” एवढंच म्हणाली, तोवर आत आरसा गेला होता. “वरची तर ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या. “पण ही खालची बघा. केवढी किडलीये! बरं झालं आलात. हलू नका.” सुई टोचली, हिरडी बधिर झाली, यंत्र घूं घूं करायला लागलं. तोंडात दोन नळ्या आणि कापूस असताना वाळू मागायची सोय नसते, हे तिला त्या दिवशी कळलं. छताकडे बघत ती पडून राहिली, वाटी पोटावर घट्ट धरून.

सगळं उरकल्यावर बाईंनी विचारलं, “वाटी का आणलीत हो? आमच्याकडे थुंकायला भांडं असतं.”

अर्धं तोंड तिच्या मालकीचं नव्हतं. तिने बाहेरच्या टाकीकडे बोट दाखवलं. मग वाटीकडे. मग चिमटीने वाळू उचलल्यासारखं केलं आणि हात जोडले.

बाईंच्या चेहऱ्यावर दिवा लागला. “अय्या! घरी समुद्री टाकी आहे तुमच्या? आणि वाळू मेलीये? अहो, आधी सांगायचं ना! दाढ नंतर बघितली असती!” बाई बाह्या सरसावून टाकीत कोपरापर्यंत शिरल्या आणि बाहेरचे दोन पेशंट दात विसरून बघत राहिले. “खालच्या थरातली देते. अगदी बारीक आहे. झाकून न्या, आणि भराभर चाला.”

ती चालली नाही, पळाली. जिना चढून, धापा टाकत, वाटीवर ओढणी धरून ती गच्चीत पोचली, तर बाबा आधीच घरी आलेले. चादरीपाशी उकिडवे बसून, डोळ्याला भिंग लावून. शेजारी खाली मान घालून नवरा. ठमी बाबांच्या पाठीवर चढलेली.

“शिजवलीस?” बाबांनी विचारलं.

तिला सगळं सांगायचं होतं. माफी मागायची होती, दाढेचं सांगायचं होतं. पण ओठांतून नुसतं “बाबा, मी विव... विवजण” असं काहीतरी ओघळलं आणि डोळे भरून आले. तिने वाटी पुढे केली.

बाबांनी वाटी उन्हात धरली. भिंग टेकवलं.

“हलतंय!” बाबा एकदम ओरडले. “अगं, काहीतरी हलतंय! पाय आहेत त्याला! ए, हे बघ! आणि हा एक किडा, केसासारखा! अरे, ती पिशवी मी दोन दिवस भिंगातून बघत होतो, एक प्राणी हलेल तर शपथ! कुठून आणलीस ही?”

“दातातून,” ती म्हणाली. तेवढं स्पष्ट आलं.

मग काय विचारता! शिजलेली वाळू गार करून टाकीत पसरली, वर वाटीतली वाळू विरजणासारखी अलगद ठेवली. दुकानदाराने फोनवर ऐकून आधी कपाळ बडवलं, मग मासा थोडे दिवस स्वतःकडे ठेवून घ्यायचं कबूल केलं. बाबा रोज पाणी तपासत, रोज नवे किडे शोधत, आणि ठमीला दाखवत. ती पहिल्यांदा “हात धुवा!” म्हणाली, दुसऱ्यांदा स्वतःच भिंग मागून घेतलं.

आणि मासा आला. बोटाएवढा, हळदीसारखा पिवळाजर्द. पिशवीतून टाकीत सुटला, एक गिरकी घेतली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याने डोकं खाली घालून वाळूत जी बुडी मारली, ती मारलीच. शेपूटसुद्धा दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही.

“श्वास घेत असेल ना तो?” बाबांनी विचारलं.

“घेत असणार, बाबा. नवीन घर आहे. घाबरलाय जरा.”

“उकरून बघू का, थोडंसं?”

“अजिबात नाही. झोपलेल्याला उठवायचं नसतं.”

“हळू बोल मग! आणि ठमीला सांग, पाय आपटू नकोस. दार कुणी आपटलं आत्ता?” बाबा फेऱ्या मारायला लागले. “पाणी गार तर झालं नसेल? काही खाल्लंही नाहीये त्याने. तुला काळजी कशी वाटत नाही गं, सूनबाई?”

नवऱ्याने हसू लपवायला पेपर तोंडासमोर धरला. ती मात्र शांतपणे म्हणाली, “वाटते ना, बाबा. चला, आधी तुम्ही दोन घास खाऊन घ्या.”

“तो वर आला की खातो.”

आज सकाळीही मासा वर आलेला नाही. तो येईल, वाळू बारीक आहे, मऊ आहे, आणि चांगली जिवंत आहे, त्याची तिला मुळीच काळजी नाही. पण तिला कामावर जायचंय, नवरा केव्हाच गेला, ठमी पाळणाघरात. तेव्हा तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर तिचं एवढं काम कराच. पहिला मजला, दार लोटलेलं आहे, बेल वाजवू नका, मासा दचकतो. टाकीत डोकावायचीही गरज नाही. टाकीसमोर जमिनीवर मांडी घालून जे बसलेत, त्यांच्याशेजारच्या ताटावरचं झाकण उचलून फक्त बघा, जेवलेत का ते.