शफीभाईंचे दमलेले सेल

मिहिर आणि तारा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने माझ्या टेबलावरची हिरवी साबणाची डबी पाहिली. तिच्यातून दोन तारा आणि एक बारीक दिवा बाहेर आलेला आहे. तो म्हणाला, "आई, हे विमानात नेऊ नकोस, एअरपोर्टवर अडवतील. टाकून दे." आम्ही जुबैलचं घर आवरतोय. आजोबांची नोकरी संपली, इकामाही, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, संपत आला, सामान नाशिकला जायचंय. कुठली वस्तू कुठल्या खोक्यात जाणार हे माझं ठरलेलं आहे. ही डबी मात्र खोक्यात जाणार नाही, माझ्या हातातल्या पिशवीत जाणार. एअरपोर्टवर कोणी विचारलं तर मी सांगीन, पण तिथे कोणाला फुरसत नसते. म्हणून तुम्हाला आधी सांगून ठेवते.

तळमजल्यावरचे शफीभाई मुकादम मला पहिल्यांदा नीट भेटले ते कचऱ्याच्या पेटीपाशी. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. रिमोट, घड्याळं, वजनकाटा, सगळ्यांचे सेल मी एकाच दिवशी बदलते आणि जुने पिशवीत बांधून खाली नेऊन टाकते. त्या दिवशी पिशवी टाकून मी जिन्यापर्यंत पोचते, तोच मागून टक् टक् ऐकू आलं. पाहते तर पांढरी दाढी, चौकटीची लुंगी, डोक्यावर जाळीची टोपी असा एक माणूस माझी पिशवी सोडून एकेक सेल उभा धरून फरशीवर सोडतोय आणि कान देऊन ऐकतोय.

"अहो, ते मेलेले सेल आहेत," मी म्हटलं.

"कोणी सांगितलं?"

"रिमोट चालत नव्हता."

"ती रिमोटची तक्रार झाली. सेलला विचारलंत?" त्यांनी आणखी एक सोडला. तो टुणकन उडाला. "बघा. उडी मारतोय. मेलेलं माणूस उडी मारतं काय वो, वयनी?"

मी घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी वाचून काढलं की असे सेल भरलेले असताना धप्पकन पडतात आणि रिकामे झाले की उडतात. म्हणजे उडी मारणं हेच मेल्याचं लक्षण. दुसऱ्या दिवशी मी हे शफीभाईंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जेवून भरलेला माणूस पण धप्पकन बसतो. रिकाम्या पोटाचा टुणटुण फिरतो. त्याला कोणी कबरस्तानात नेत नाय." मग माझा कालचा सेल खिशात टाकत म्हणाले, "मेला नाय. दमलाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इमारतीची लिफ्ट बंद पडली, दमलीय. मुलाची गाडी उन्हात चालू होईना, दमलीय. आजोबांनी त्यांना निवृत्तीची बातमी दिली तेव्हा ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रिटायर काय वो. दमलेत." आजोबा दोन दिवस उगाच ताठ चालत होते.

शफीभाई दाभोळच्या खाडीकडचे. तरुणपणी जुबैलला आले आणि एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलं. पाने, बोल्ट, फ्यूज, वायर, सगळ्यांची नावं आणि नंबर त्यांना तोंडपाठ, पण त्यातलं काही स्वतः वापरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. "जुबैलात मी पाना दिला नाय असा प्लांट नाय," ते सांगत, "आणि पाना फिरवला असा एकपण नाय." बायको गेल्यावर मुलगा इरफानने त्यांना आपल्याकडे ठेवून घेतलं. धाकट्या खोलीत त्यांची खाट, आणि खाटेखाली दूध पावडरचे मोठाले डबे. डब्यांत सेल. सगळ्या इमारतीचे, दमलेले.

आम्ही दोघं संध्याकाळी इमारतीभोवती फिरायचो, पण बरोबर नव्हे. मी इमारत उजव्या हाताला ठेवून चालते, देवळात प्रदक्षिणा घालायची सवय. ते डाव्या हाताला ठेवून चालत, तवाफात, म्हणजे मक्केतल्या प्रदक्षिणेत, काबा डाव्या हाताला असतो तसं. त्यामुळे प्रत्येक फेरीत आमची दोनदा गाठ पडे, एकदा पाण्याच्या टाकीपाशी आणि एकदा हारिसच्या खोलीसमोर. हारिस म्हणजे इथला इमारतीचा राखणदार.

"उलट्या फिरताय, वयनी," ते टाकीपाशी म्हणत.

"उलटे तुम्ही," मी हारिसच्या खोलीसमोर उत्तर देई. मधलं अंतर आम्ही दोघंही गप्प असू.

तर हे असं चाललेलं असताना इरफानची मुलगी रांगायला लागली. इरफान माझ्याकडे आला. भला मुलगा, प्लांटवर इंजिनियर आहे. म्हणाला, "आंटी, तुम्ही अब्बांना समजवा. डब्यांतले सेल फुटायला लागलेत, पांढरं काहीतरी बाहेर येतं. पोरगी सगळं तोंडात घालते. मॉलमध्ये जुने सेल घ्यायची पेटी आहे. शुक्रवारी सुट्टी आहे, मी सगळे नेऊन टाकणार."

त्याचं बरोबर होतं. मी तसं शफीभाईंना सांगितलं. टाकीपाशी ते बोटांवर दिवस मोजायला लागले. "शुक्रवार," ते म्हणाले. "म्हणजे त्याच्या आधी दिवा लागला पाहिजे."

दिवा म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी कळलं. ते माझ्या जेवणाच्या टेबलावर एक पुडकं घेऊन हजर झाले. एका सेलमध्ये दीड व्होल्ट असतो, दमलेल्यात एकाच्याही खाली. बारीक पांढऱ्या दिव्याला जवळजवळ तीन लागतात. पण एका कडीवर दोन तारा गुंडाळायच्या, एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर लावायचा, की ते सर्किट सेलमधला उरलासुरला जोर साठवतं आणि जोरात ढकलत राहतं. सेकंदाला हजारो वेळा. मग दमलेल्या सेलवरही दिवा लागतो. हे सगळं ते एका व्हिडिओवरून शिकले होते. व्हिडिओ कुठल्या भाषेत होता ते त्यांना माहीत नव्हतं.

"मग कळलं कसं?"

"भाषा कळली की माणूस ऐकत बसतो. बघत नाय."

कडी जुन्या सीएफएल बल्बच्या पोटातून काढलेली, तारा वेगवेगळ्या जुन्या केबलींमधल्या. लाल तार त्यांनी स्वतः गुंडाळली. निळीची पाळी आली. कडी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्ही करा. तुमच्या शिवणाच्या डब्यातले दोरे पण रांगेत असतात." मी वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा बदलला आणि निळी तार एकाशेजारी एक, अंतर न सोडता गुंडाळली. इतकी सुबक दिसली की मी आजोबांना बोलावून दाखवली. आजोबा लांबूनच म्हणाले, "शॉक बसेल का?"

"एका सेलचा? मुंगीलापण नाय बसणार, साहेब."

व्हिडिओत दाखवलं होतं तसं एका तारेचं सुरुवातीचं टोक दुसरीच्या शेवटच्या टोकाला जोडलं. बाकीच्या जोडण्या केल्या. सेल लावला. काही झालं नाही.

शफीभाईंनी सर्किटला आधी अरबीत सांगितलं, "यल्ला." म्हणजे चल. हुकूम ते नेहमी अरबीत देत, विनंती हिंदीत करत आणि भांडण मात्र कोकणीतच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही भाषा होऊन गेल्या. दिव्याचे पाय उलटसुलट करून पाहिले. ट्रान्झिस्टर बदलला, तोही नाही, मग पहिलाच परत लावला, कारण "त्याचा काय दोष". मग संशय हवेवर गेला. जुबैलची हवा खारी, तारेला मीठ चढलं असणार. तारा फडक्याने पुसल्या. मग माझ्या एसीवर संशय आला. त्याची घरघर थांबल्याशिवाय सर्किटला स्वतःचं ऐकू येणार नाही म्हणून एसी बंद झाला. उन्हाळ्यातल्या जुबैलमध्ये एसी बंद करून आम्ही तिघं एका न लागलेल्या दिव्याकडे बघत घामाने निथळत बसलो. शेवटी शफीभाईंनी सर्किटवर स्वच्छ रुमाल पांघरला आणि म्हणाले, "निजूं द्या त्याला. आपण चहा घेऊया."

"सेल नवा लावून पाहा की," आजोबा म्हणाले.

शफीभाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आजोबांनी स्वतःच एसी लावला आणि आत निघून गेले. मी नंतर गुपचूप नवा सेलही लावून पाहिला. त्यानेही काही झालं नाही. म्हणजे दोष सेलचा नव्हता, चूक दुसरीकडे होती. पण शफीभाई ते ऐकून खूश झाले. "बघितलंत? नव्याला पण जमलं नाय."

गुरुवारची संध्याकाळ आली. इरफानने डबे उचलून दाराशी रांगेत लावून ठेवले होते. शफीभाई फिरायला आले, पण चालीत जीव नव्हता. टाकीपाशी गाठ पडली.

"उलट्या फिरताय, वयनी," ते सवयीने म्हणाले आणि पुढे गेले.

मीही पुढे गेले. हारिसच्या खोलीसमोर ते परत समोरून आले तेव्हा मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

"शफीभाई, लाल तार तुम्ही कशी गुंडाळलीत?"

"कशी म्हणजे? जशी गुंडाळतात तशी." त्यांनी हवेत बोट गोल फिरवून दाखवलं.

मीही बोट फिरवलं. माझं घड्याळाच्या काट्यासारखं फिरत होतं, त्यांचं काट्याच्या उलट. आम्ही दोघांनी आपापल्या बोटांकडे पाहिलं, मग एकमेकांच्या. पुन्हा फिरवून पाहिलं. हारिस खुर्ची मागे सरकवून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

व्हिडिओतल्या माणसाने दोन्ही तारा एकाच बाजूने गुंडाळल्या होत्या. आम्ही दोन बाजूंनी. म्हणून त्याची जोडणी आमच्या कडीवर उलटी पडत होती आणि एक तार दुसरीला ढकलायच्या ऐवजी अडवून धरत होती. आजोबांचं म्हणणं असं की याचा फिरण्याशी काही संबंध नाही, तुम्ही टेबलाला समोरासमोर बसला होतात म्हणून तसं झालं. असेल.

आम्ही वर आलो. मी निळी तार उकलायला घेतली.

"खोलू नका," शफीभाई म्हणाले. "एवढी चांगली गुंडाळलीय. टोकं बदला फक्त."

मी निळ्या तारेची दोन टोकं अदलाबदल करून जोडली. इरफानला फोन करून वर बोलावलं, तो मुलीला कडेवर घेऊन आला. मी टेबलावरचा आधीचाच दमलेला सेल पुढे केला. शफीभाईंनी तो बाजूला ठेवला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून दुसराच काढला. जुना, रंग उडालेला, बुडाला चॉकलेटच्या चंदेरी कागदाचा चपटा तुकडा चिकटलेला. तो त्यांनी लावला.

दिवा लागला. पांढरा, लहान, अगदी स्थिर.

मुलगी दिव्याकडे झेपावली. इरफान हसून म्हणाला, "ठीक आहे, अब्बा. तुम्ही जिंकलात. डबे गच्चीवरच्या खोलीत ठेवू."

"नको," शफीभाई म्हणाले. "घेऊन जा सगळे. मला हा एक पुरे."

"मग इतके कशाला जमवलेत?"

ते दिव्याकडे बघत होते. "हा तुझ्या अम्मीच्या घड्याळातला. अजान देणारं होतं ना, तिच्या उशाशी, त्यातला. ढिला बसायचा म्हणून तिनेच हा कागद लावला. ती गेल्यावर घड्याळ बरेच दिवस चाललं, मग थांबलं. टाकवेना. आणि म्हातारा एकच मेलेला सेल जपून ठेवतोय म्हटल्यावर तुम्ही काय काय विचारलं असतंत. म्हणून बाकीचे जमवले. गर्दीत एक लपतो."

इरफानने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. काही तरी म्हणायचं म्हणून तो म्हणाला, "मेला नाय म्हणा की हा, अब्बा. दमलाय."

"ते तिचंच," शफीभाई म्हणाले. "तू लहान होतास. मी दोन वर्षांनी गावाला यायचो, आणि आलो की पडून राहायचो, उठायचो नाय. तू घाबरून तिला विचारायचास, अब्बा मेले काय? ती चुलीपाशी बसून सांगायची, मेले नाय रे. दमलेत."

इरफान शुक्रवारी डबे घेऊन गेला. दमल्यासारखे दिसणारे सेल अजूनही कुणी शफीभाईंच्या हातात ठेवतं, आणि ते आता निमूटपणे इरफानकडे देतात. आम्ही जाणार हे कळल्यावर मात्र ते हिरवी साबणाची डबी, एक कडी आणि तारा घेऊन पुन्हा माझ्या टेबलावर बसले. लाल त्यांनी गुंडाळली, निळी मी. आपापल्या बाजूने, मुद्दाम. जोडणी कशी करायची ते आता माहीत होतं.

त्यांच्या खाटेशी लावलेला दिवा बरेच आठवडे चालला आणि मग मंद होत होत थांबला. तो सेल पुन्हा त्यांच्या आतल्या खिशात आहे. आमच्या डबीत टीव्हीच्या रिमोटमधला आहे, त्या पहिल्या दिवशी मी कचऱ्यात टाकलेला आणि त्यांनी फरशीवर आपटून खिशात घातलेला. तो त्यांनी तेवढा मागे ठेवला होता. त्याच्यावर दिवा अजून लागतो.